प्रेमकथा वाचणारी बाई पुस्तक विकत कधी घेते

दापोलीहून एका मुलीनं विचारलंय: "काकू, गावात पुस्तकांचं छोटं दुकान काढायचं ठरवलंय. घरचे म्हणतात, शाळेची पुस्तकं ठेव, स्पर्धा परीक्षेची ठेव, पण प्रेमकथा ठेवू नकोस. त्या आता सगळ्या मोबाइलवर वाचतात. मी स्वतः त्याच वाचत मोठी झाले, त्यामुळे मन मानत नाही. ठेवू का? ठेवल्या तर घेणार कोण, आणि कशा?"

ठेव. पण कपाट भरायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घे, म्हणजे पैसे अडकणार नाहीत. प्रेमकथा वाचणारी माणसं जितकी वाचतात तितकी विकत कधीच घेत नव्हती. मोबाइल नव्हता तेव्हाही नाही. महिन्याला दहा-बारा कादंबऱ्या फस्त करणारी बाई वर्षाकाठी दोन, फार तर तीन पुस्तकं स्वतःच्या पैशानं घ्यायची. बाकीची लायब्ररीतून, शेजारणीकडून, नाहीतर माहेरून यायची. त्या दहा-बारा आता फोनवर गेल्या. ती दोन-तीन मात्र अजून दुकानातूनच जातात. तुला धंदा करायचाय तो त्या दोन-तिनांवर.

रत्नागिरीत आमचं दुकान मामंजींनी काढलं. पुढे वह्या-पुस्तकं आणि मागच्या खोलीत फिरती लायब्ररी: डिपॉझिट, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. मी लग्न होऊन आले आणि वर्षभरात मागची खोली माझ्याकडे आली. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. पहिल्याच पावसाळ्यात मी फाटकी पुस्तकं बाइंडिंगला द्यायला काढली, तेव्हा प्रेमकथांच्या पानांवर मला बारीक बारीक खुणा दिसायला लागल्या. कुठे 17 आकड्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ, कुठे 50 व्या पानाच्या कोपऱ्यात फुली, कुठे शेवटच्या पानावर खाली नुसता 'वि'. मी खोडरबर घेऊन बसले. मामंजींनी पाहिलं आणि हातातून रबर काढून घेतलं. म्हणाले, "सूनबाई, त्या खुणा खोडायच्या नाहीत. ती त्यांची वही आहे."

मग मी बघायला लागले. मारुती मंदिराकडून एक बाई यायच्या. कपाटातलं पुस्तक काढलं की त्या ना मुखपृष्ठ बघत, ना नाव. थेट 50 वं पान. तिथे फुली असली की पुस्तक परत जागेवर, नसली की टेबलावर. एका पुस्तकाला दोन-तीन सेकंद. लायब्ररीतल्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं गळून पडलेली असायची, नावं एकमेकींसारखी असायची, आणि इतकं वाचणाऱ्या बाईला दोन वर्षांपूर्वी काय वाचलं ते लक्षात तरी कसं राहणार? म्हणून प्रत्येकीचं पान ठरलेलं, प्रत्येकीची खूण ठरलेली. एकमेकींना त्या नावानं ओळखत नव्हत्या, पण खुणेनं ओळखायच्या. "ही 17 वाली बाई माझ्या आधी वाचते, आणि तिनं दोनदा खूण केली असली की पुस्तक चांगलं असतं," असं मला एकीनं सांगितलं होतं. आज अ‍ॅपवर लोक तारे देतात ना, ते आमच्याकडे पेन्सिलीनं चालायचं.

हे एवढ्यासाठी सांगते की प्रेमकथा वाचणाऱ्या बाईला लोक भाबडी समजतात. तिच्याइतकी हिशेबी वाचक माझ्या दुकानात दुसरी येत नाही. काय वाचलं, काय राहिलं, कोणाचं चांगलं, कोणाचं पहिलं बरं आणि नंतरची सगळी तीच ती, हे सगळं तिला पाठ असतं. तिला पुस्तक खपवता येत नाही. तिनं ठरवलं की ते खपतं.

आणि उधारीवर वाचून मोजकं विकत घ्यायचं ही काही आपल्या कोकणातल्या गरिबीची गोष्ट नाही. लंडनची मिल्स अँड बून कंपनी 1908 सालची. सुरुवातीला ती सगळ्या तऱ्हेची पुस्तकं काढायची. 1930 च्या दशकात ती प्रेमकथांकडे वळली, आणि तिचं मोठं गिऱ्हाईक होतं तिथली भाड्यानं पुस्तकं देणारी वाचनालयं. दोन पेनीत पुस्तक घरी न्यायचं. त्या पुस्तकांची बांधणी तपकिरी असायची आणि लोक तिच्या रंगावरूनच ती ओळखायचे. पुढे ती वाचनालयं बंद पडायला लागली, तेव्हा कंपनीनं स्वस्त कागदी बांधणीची वाट धरली. 1957 पासून कॅनडाची हार्लेक्विन त्यांची पुस्तकं तिकडे छापू लागली आणि 1971 मध्ये तिनं ही कंपनीच घेतली. म्हणजे उसनं वाचायची एक जागा गेली की हा वाचक दुसरी शोधतो, आणि प्रकाशक त्याच्यामागून जातो. आता ती जागा फोन आहे, एवढाच फरक.

आपल्याकडे कॉन्व्हेंटला गेलेल्या मुली ती इंग्रजी पुस्तकं वाचायच्या, अजूनही वाचतात. त्यांचा भरवसा कंपनीच्या नावावर असायचा. दर महिन्याला नवी पुस्तकं, शेवट गोड होणारच, ही खात्री. मराठी वाचणारीचा भरवसा लेखकाच्या, लेखिकेच्या नावावर असतो. ना. सी. फडक्यांपासून कुमुदिनी रांगणेकरांपर्यंत नावं बदलत गेली, पण विचारायची पद्धत तीच: "त्यांचं नवीन आलं का?" रत्नागिरीकरांना तर त्याचं विशेष अप्रूप, कारण डॉ. कुसुम अभ्यंकर इथल्याच. डॉक्टर, इथून निवडून गेलेल्या आमदार आणि कादंबरीकार. "आमच्या डॉक्टरीणबाईंचं पुस्तक" असं म्हणत त्या पिढीच्या बायका त्यांची पुस्तकं नेत असत. म्हणून सांगते, प्रेमकथांचं कपाट लावशील तेव्हा लेखिकेच्या नावानं लाव. प्रकाशनानुसार लावू नकोस, आणि 'कौटुंबिक', 'सामाजिक' असल्या पाट्या तर नकोच. त्या पाट्या वाचनालयाच्या तपासणीसाठी असतात. वाचणारीला त्यांचा उपयोग नाही.

आता फोन. फोननं काय दिलं ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. पहिलं म्हणजे, काय वाचते ते कोणाला दिसत नाही. जुन्या बायका कादंबरीला खाकी कागद घालायच्या, वर मुलाच्या शाळेचं लेबल लावायच्या. त्याला कारणही होतं. प्रेमकथा वाचणाऱ्या बाईकडे घरात कुत्सित नजरेनं बघितलं जायचं, आणि लिहिणाऱ्यांनाही ते चुकलं नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकातली कथा अश्लील म्हणून कोर्टात गेली, उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली तेव्हा कुठे ते सुटले. सात वर्षं एका कथेसाठी. मग वाचणारी कागद घालणारच. फोनला कागद घालावा लागत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. सरकारी इस्पितळात नोकरी करणारी एक नर्स माझी गिऱ्हाईक आहे. पावसहून एसटीनं येते. जाता-येता ती प्रतिलिपीवर वाचते. 2014 साली बंगळुरात सुरू झालेलं हे अ‍ॅप, मराठीतही आहे. तिथे कथा भागाभागांनी येते. आज एक भाग, उद्या एक. थांबायचं नसेल तर पैसे भरून पुढचा भाग उघडायचा. एक भाग म्हणजे साधारण एक एसटीचा प्रवास. एवढं बेतशीर माप कुठल्याच छापील पुस्तकाला जमत नाही. मिरकरवाडा बंदरावरची पोरं तर ट्रॉलरवर चढायच्या आधी जेटीवर उभं राहून कथा उतरवून घेतात, कारण पुढे समुद्रात रेंज जाते. हो, मुलगेही वाचतात. दुकानात आले तर "बहिणीसाठी हवंय" म्हणतात. तू "बरं" म्हण आणि दे.

मराठी वाचणाऱ्यांसाठी किंडल, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, डिसेंबर 2016 मध्ये आलं, तेव्हा अ‍ॅमेझॉननं मराठी धरून पाच भारतीय भाषा त्यात घेतल्या. ते यंत्र मी आमच्या भागात फार कमी हातांत पाहिलं, पण त्याचं अ‍ॅप फोनवर पुष्कळांकडे आहे. 2017 मध्ये स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं अ‍ॅप भारतात आलं, आणि त्याचा फायदा ज्यांना वाचायला हात मोकळे नसतात त्यांना झाला. मे महिन्यात आमच्याकडे आंब्याच्या पेट्या भरायला बायका येतात. एका कानात इअरफोन, हातात गवत आणि आंबे, आणि कानात कादंबरी चाललेली. आमसुलं घालतानाही तेच. या बायकांनी पूर्वी कधी माझ्या लायब्ररीची पायरी चढली नव्हती. फोननं माझं गिऱ्हाईक नेलं असं कोणी म्हणालं की मला या बायका आठवतात. त्या माझ्याकडे आल्याच नव्हत्या. आता आल्या तर फोनमुळेच येतील.

पण फोन वाटतो तितका गुपित ठेवत नाही. घरात एकच खातं असतं, बरेचदा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या ई-मेलवर काढलेलं. आईनं काय उघडलं ते मुलीच्या टॅबवर वर येऊन बसतं. पैसे भरले की मुलाच्या फोनवर संदेश जातो. माझ्याकडे दोन बायका केवळ एवढ्यासाठी अ‍ॅप सोडून परत आल्या. त्या रोख पैसे देतात आणि पिशवी घेऊन आलेल्या असतात. ही गोष्ट लक्षात ठेव, कारण तुझं दुकान किती टिकेल ते पुष्कळसं यावर आहे. कोणी काय नेलं ते तुझ्या तोंडून कधीही बाहेर जाता कामा नये. तिच्या सासूसमोर तर नाहीच, पण तिच्या जिवलग मैत्रिणीसमोरसुद्धा नाही. दापोली लहान आहे.

दुसरी अडचण कोकणात राहणाऱ्यालाच कळते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तुमच्याकडे दापोली-मंडणगडात काय झालं ते तुला मी सांगायला नको. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, टॉवर बंद. आधीच टाळेबंदी. रस्ते मोकळे झाल्यावर तिकडची एक मुलगी रत्नागिरीला आली होती. तिनं सांगितलं की अख्ख्या वाडीत वाचायला तिच्या आजीची तीन फाटकी पुस्तकं होती आणि ती नऊ घरांत फिरली. जाताना तिनं माझ्याकडून त्यातल्याच एका लेखिकेची दोन पुस्तकं विकत घेतली. वादळाआधी ती फक्त फोनवर वाचायची.

आता मुख्य प्रश्न. ती विकत कधी घेते? माझा अनुभव असा की जे तिनं आधीच वाचलंय ते ती विकत घेते. नव्या दुकानदाराला हे पटत नाही. आपल्याला वाटतं, नवीन काय आलं ते दाखवावं. नवीन ती फोनवर चाखून बघते. दुकानात ती चाखायला येत नाही, जवळ ठेवण्यासाठी न्यायला येते. त्या नर्सचंच सांगते. अ‍ॅपवर तिनं एक कथा शंभराहून जास्त भागांत वाचली. पुढे ती छापून आली, तेव्हा माझ्याकडे नाव घेऊन आली. पुस्तक हातात दिलं तर पहिलं पान उघडलंच नाही. मधूनच चाळत चाळत एक जागा शोधली, गल्ल्यासमोर उभ्या उभ्या अर्धं पान वाचलं, ओठ हलत होते, आणि पुस्तक मिटून पैसे पुढे केले. "हे आहे यात," म्हणाली. "अ‍ॅपवर ही जागा शोधायला मला एकेक भाग उघडून बघावा लागतो." घरी तिच्याकडे कपाट नाही. कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी सात पुस्तकं आहेत आणि ती दरवर्षी त्यांतली दोन तरी पुन्हा वाचते, असं तिनंच सांगितलं.

अशी पुस्तकं म्हणजे ठेवणीतली पुस्तकं. साडीसारखीच. रोजच्या वापराच्या साड्या कुठूनही येतात, ठेवणीतली साडी बाई स्वतः बघून, हात लावून घेते. तशा पुस्तकाचा कागद ती चिमटीत धरून बघते, अक्षराचा आकार बघते, पुठ्ठा आहे का ते बघते. म्हणून तुझ्या कपाटात नव्या नावांपेक्षा ज्या लेखिका लोकांनी आधीच वाचल्यात त्यांची जुनी पुस्तकं जास्त ठेव. मुद्रण संपलेल्या पुस्तकाची कोणी चौकशी केली तर नाव लिहून घे आणि प्रकाशकाला फोन कर. पुनर्मुद्रण झालं की पहिली प्रत तिच्या हातात जायला हवी. अशी एक बाई तुझ्याकडे वीस वर्षं येत राहते.

राखी पौर्णिमेला, मंगळागौरीला, मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला भेट म्हणूनही प्रेमकथा जातात. तिथे मात्र नवी, सुबक छपाईची पुस्तकं चालतात. त्यावर जास्त सांगण्यासारखं नाही, आवरणाचा कागद चांगला ठेव.

माझी एक चूक सांगते, तुझी टळेल. काही वर्षांपूर्वी फोनवर गाजलेली एक मोठी कथा छापून येणार असं कळलं आणि मी चाळीस प्रती मागवल्या. ज्या बाया रोज तिच्याबद्दल बोलत होत्या त्या घेतील याची मला खात्री होती. पुस्तक आलं ते पहिला भाग म्हणून. कथा मधेच थांबलेली. दुसरा भाग वर्षानं आला, तिसरा आलाच नाही, आणि प्रकाशक फोन उचलेना. सहा-सात प्रती गेल्या, बाकीच्या आमच्या माळ्यावर दोन पावसाळे काढून पिवळ्या पडल्या. जिला ठेवणीतलं पुस्तक हवंय तिला अर्धी साडी नको असते. तेव्हापासून मालिका पूर्ण छापून झाली असेल तरच मी संच घेते, आणि एकटा पहिला भाग असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगते की पुढचं अजून आलेलं नाही. एकदा तिचा विश्वास गेला की कपाटातली बाकीची पुस्तकंही गेली.

पैशाचं थोडक्यात. वितरक मला छापील किमतीवर साधारण 25 ते 35 टक्के सूट देतात. त्यातून भाडं, वीज, वाहतूक. बुकगंगा आणि दुसऱ्या ऑनलाइन दुकानांत गिऱ्हाइकाला सूट मिळते, घरपोच मिळतं, आणि त्यांच्याशी किमतीत भांडायला जाऊ नकोस, हरशील. पण घरपोच म्हणजे पुण्यात. आडवाटेच्या वाडीत कुरिअरवाला जात नाही, तो नाक्यावरच्या दुकानात पाकीट टाकतो आणि मग ते चार हातांतून घरी जातं. जिला गुपित हवंय तिला तेच नको असतं. त्यापेक्षा तूच मागवून ठेव, ती बाजाराला येईल तेव्हा घेऊन जाईल. लांबच्या गिऱ्हाइकाला टपालानं पाठव. 1 मे 2025 पासून टपाल खात्यानं पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर, आणि पाकीट कुठे पोचलं ते कळतं. कुठली पुस्तकं त्यात बसतात त्याचे नियम आहेत, ते दापोलीच्या टपाल कचेरीत एकदा विचारून घे. पोस्टमन वाडीत जातोच.

पीडीएफचं मात्र स्पष्ट बोलते. व्हॉट्सअ‍ॅपवर, टेलिग्रामवर अख्ख्या कादंबऱ्यांचे फोटो काढून फिरवतात. बाया मला प्रेमानं पाठवतात, "वहिनी, ही वाचा." मी प्रत्येकीला एकदाच, नीट सांगते की ही लेखिका हयात आहे आणि तिला यातले दहा रुपयेसुद्धा मिळत नाहीत. फुकटच वाचायचं तर ई-साहित्य प्रतिष्ठान आहे, तिथे लेखकांनी स्वतः होऊन दिलेली पुस्तकं मिळतात. गावच्या वाचनालयाची वर्गणी आहे. आमचं रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय 1828 पासूनचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं. अशी वाचनालयं कोकणानं उगाच नाही जपली. तूसुद्धा तुझ्या गावच्या वाचनालयाशी गोडीनं राहा. तिथे वाचून आवडलेलं पुस्तक बाई तुझ्याकडेच विकत घ्यायला येणार.

आता दुकानाची मांडणी. प्रेमकथांचं कपाट रस्त्याकडे तोंड करून ठेवू नकोस आणि गल्ल्यासमोरही नको. आतल्या भिंतीला, उजेड येईल पण बाहेरून उभ्या बाईची फक्त पाठ दिसेल असं. पाककृती, विणकाम, स्तोत्रं यांच्या शेजारी ठेव, म्हणजे तिथे उभं राहायला निमित्त लागत नाही. एक स्टूल ठेव. दहा मिनिटं बसून जागा शोधता आली पाहिजे. "कोणासाठी हवंय?" हे कधी विचारायचं नाही. "आधी कोणाचं वाचलंत?" हे विचार.

नवीन काय आलं ते कळवायला व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढू नकोस, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट कर, म्हणजे तुझा निरोप प्रत्येकीला एकटीला जातो. मी हे ग्रुप काढून शिकले. एका दिवसात चौदा जणी बाहेर पडल्या आणि त्यांतल्या काही पुन्हा दुकानात आल्या नाहीत.

परतीची सोयही ठेव. वाचून झालेलं, चांगल्या स्थितीतलं पुस्तक अर्ध्या किमतीत परत घेईन असं सांग, आणि ते थोड्या वरच्या दरानं पुन्हा वीक. कॉलेजच्या मुली याच दारानं आत येतात. आज जी जुनी प्रत घेते तीच चार वर्षांनी नोकरी लागल्यावर नवी घेते. विक्रीचे दिवस म्हणशील तर मे महिना, चाकरमानी गावी आले की, आणि मग दिवाळी. दिवाळी अंकांची फिरती योजना कर. ठरावीक रकमेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंक बदलून न्यायचे. त्यातल्या एखाद्या कथेवरून लेखिकेची कादंबरी मागितली जाते, हे मी दरवर्षी बघते. गणपतीत पुस्तकाकडे कोणाचं लक्ष नसतं, तेव्हा माल भरू नकोस.

आणि पाऊस. दापोलीचा पाऊस तुला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर भिंतीला टेकून एकही कपाट नको, चार बोटं जागा सोड. खालचा खण रिकामा. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तिथल्या त्या जुन्या वाचनालयाचीही पुस्तकं भिजली, मग आपलं काय. वेखंडाचे तुकडे आणि वाळवलेला कडुलिंबाचा पाला प्रत्येक खणात ठेव, पंधरा दिवसांनी बदल. ऊन पडलं की पुस्तकं पानं उलगडून सावलीत वाऱ्यावर ठेव, थेट उन्हात नको, पुठ्ठे वाकतात. प्रेमकथांचा कागद बहुतेक हलका असतो, बुरशी आधी तिथेच धरते. ठेवणीतलं पुस्तक घ्यायला आलेल्या बाईच्या नाकाला कुबट वास लागला की ती परत जागेवर ठेवते आणि काही बोलत नाही.

सुरुवातीला किती माल भरू, हे तू विचारलं नाहीस, पण विचारणार आहेस. नवी शंभर पुस्तकं पुष्कळ झाली, पंधरा-वीस लेखिकांची. जुनी मी देते. आमची लायब्ररी टाळेबंदीत बंद केली ती पुन्हा उघडली नाही, दोन-अडीचशे कादंबऱ्या बांधून ठेवल्यात. गणपती झाले की एसटीच्या पार्सलनं पाठवीन. परतीच्या योजनेत घाल, पुस्तकं विकली गेली की पैसे दे. फक्त त्यांतल्या कुठल्याही पानावर पेन्सिलीचं वर्तुळ किंवा फुली दिसली तर ती खोडू नकोस. 50 व्या पानावर फुली करणाऱ्या बाई लेकीकडे दापोलीला राहायला गेल्यात.